यजमानाचा दीड गोल

ब्रिस्बेनचे गाबा मैदान मराठी वाचकाला ठाऊक आहे ते १९ जानेवारी २०२१ या दिवसामुळे. १९८८ पासून तिथे एकही कसोटी न हरलेल्या ऑस्ट्रेलियाला अजिंक्य रहाणेच्या संघाने त्या दिवशी हरवले, आणि घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नेमके काय यावर आपल्याकडे पुष्कळ काथ्याकूट झाला. क्रिकेटमध्ये त्याचे उत्तर पायाखालीच सापडते. खेळपट्टी यजमान तयार करतो; ब्रिस्बेनला चेंडू उसळतो, चेपॉकला वळतो, आणि लहानपणापासून त्याच मातीवर खेळलेल्याला ती वाचता येते. पण हिवाळ्यात त्याच गाबावर खेळपट्टीला काही अर्थ उरत नाही. तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल चालतो, ज्याला तिकडची माणसे लाडाने 'फुटी' म्हणतात. चेंडू दोघांना एकच, गवत दोघांना तेच, आणि दर पाव सामन्यानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. तरीही यजमान संघ पाहुण्यांपेक्षा जास्त वेळा जिंकतो, आणि शतकाहून अधिक काळ जिंकत आला आहे. खेळपट्टी नसताना हा फायदा येतो कुठून, हा प्रश्न क्रिकेटमधल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे आणि म्हणूनच जास्त रंजक.

खेळ थोडक्यात असा. एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण, आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतो, मात्र मध्ये मध्ये जमिनीवर आपटावा लागतो. सहकाऱ्याला द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने मारून. लांब लाथेने उडत आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की 'मार्क', आणि मग कोणाच्या अडथळ्याविना चेंडू मारण्याची मोकळीक. वीस-वीस मिनिटांचे चार भाग, त्यात वाया गेलेला वेळ वेगळा धरतात. हा खेळ १८५८-५९ मध्ये मेलबर्नच्या क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग मोकळे राहावे म्हणून घडवला, आणि त्या जन्मकथेचा एक परिणाम आजही टिकून आहे. क्रिकेटचीच मैदाने वापरायची असल्यामुळे मैदानाचे एकच माप कधी ठरले नाही. नियम इतकेच सांगतो की लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान असावी. टेनिसचे कोर्ट किंवा कबड्डीचे मैदान जगात कुठेही तेवढेच भरते. इथे एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले की मैदान पंचवीस मीटरने रुंद होऊ शकते.

फायदा किती मोठा आहे, हे आधी पाहू. बरोबरीत सुटणारे सामने फुटीमध्ये फार थोडे, त्यामुळे हिशेब सोपा आहे: लांबच्या काळाचा विचार केला तर दर दहा सामन्यांपैकी सहाच्या आसपास यजमान जिंकतो, आणि गुणांत मोजले तर त्याला सरासरी दीड गोलाच्या जवळपास आघाडी आयतीच मिळते. सामन्यात संघाची धावसंख्या म्हणावी तशी गुणसंख्या सत्तर-ऐंशीच्या घरात जाते, त्यामुळे दीड गोल म्हणजे डोंगर नव्हे. पण अटीतटीचा सामना त्यानेच फिरतो. माझे म्हणणे असे की ही सरासरी फसवी आहे. ती एका आकड्यात अशा सामन्यांना कोंबते ज्यांत यजमानाला काहीच मिळत नाही, आणि अशांनाही ज्यांत त्याला खूप मिळते. नीट पाहिले तर एकच सूत्र दिसते: दोन संघांचे त्या मैदानाशी असलेले नाते जितके वेगळे, तितका यजमानाचा फायदा मोठा. नाते सारखे असेल तर 'घरचे मैदान' ही कागदावरची नोंद उरते.

याचा सर्वांत चांगला पुरावा मेलबर्नमध्येच आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, आज अठरा क्लब आहेत. त्यांपैकी नऊ एकट्या मेलबर्न शहरातले आणि दहावा तिथून पाऊण-एकशे किलोमीटरवरच्या जिलाँगचा. मेलबर्नचे नऊही क्लब आपले बहुतेक घरचे सामने दोनच मैदानांवर खेळतात, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हणजे एमसीजी आणि छप्पर असलेले डॉकलंड्स. कॉलिंगवूड आणि रिचमंड यांचा सामना एमसीजीवर होतो तेव्हा दोघेही तिथलेच भाडेकरू असतात. दोघांचे खेळाडू आदल्या रात्री आपापल्या घरी झोपतात, दोघांच्याही पाठीराख्यांनी स्टँड अर्धे-अर्धे भरतात. यजमान कोण हे चड्डीच्या रंगावरून कळते. यजमानाची गडद, पाहुण्याची पांढरी. एकाच आळीतल्या दोन घरांनी भाड्याच्या मंगल कार्यालयात कार्य करावे आणि यजमान कोण हे दारावरच्या पाटीवरूनच समजावे, तसा हा प्रकार. स्विनबर्न विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ स्टीफन क्लार्क यांनी या लीगमधल्या घरच्या मैदानाच्या फायद्याचा क्लबवार अभ्यास केला, तेव्हाही चित्र असेच निघाले: मैदान वाटून घेणाऱ्या मेलबर्नच्या क्लबांचा फायदा लहान, आणि दुसऱ्या राज्यांतल्या, स्वतःचे वेगळे मैदान असलेल्या क्लबांचा ठळकपणे मोठा.

यावर लगेच मनात येते की मग हा सगळा विमानप्रवासाचा परिणाम म्हणावा. तसे म्हणता येत नाही, कारण विमानप्रवास सुरू होण्याआधीही यजमान जिंकतच होते. १८९७ मध्ये मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यातली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, म्हणजे आजच्या एएफएलचा पूर्वावतार, सुरू झाली ती आठ क्लबांनिशी. जिलाँग सोडले तर सगळे मेलबर्नच्या उपनगरांतले, ट्रामने पोहोचता येईल अशा अंतरावरचे. पण तेव्हा प्रत्येकाचे मैदान वेगळे होते. कॉलिंगवूडचे व्हिक्टोरिया पार्क, कार्लटनचे प्रिन्सेस पार्क, १९२२ पासून एसेंडनचे विंडी हिल, पुढे लीगमध्ये आलेल्या फुट्सक्रेचे वेस्टर्न ओव्हल. वेस्टर्न ओव्हलचा वारा कुप्रसिद्ध होता, आणि कोणत्या टोकाकडे मारताना चेंडू किती वाहून जाईल हे तिथे दर आठवड्याला सराव करणाऱ्यालाच अंगवळणी पडायचे. सेंट किल्डाच्या मुराबिन मैदानाची ख्याती चिखलासाठी होती, आणि पाऊस न पडताही तिथे चिखल कसा होतो याच्या कथा प्रतिस्पर्धी रंगवून सांगत. प्रेक्षक कुंपणाला टेकून उभे असायचे आणि पाहुण्या खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार त्याच्या कानाशी करायचे. या काळात प्रवासाचे अंतर नगण्य होते, पण मैदान आणि माणसे परकी होती. म्हणजे परकेपणाचे घटक बदलत गेले, परकेपणा राहिला. साठच्या दशकापासून २००५ पर्यंत एकेक करून ही उपनगरी मैदाने लीगच्या सामन्यांतून बाद झाली. दुसऱ्या बाजूने १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलवला गेला, १९८७ मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेनचा संघ आला, १९९१ मध्ये ॲडलेड. एका शहरातला परकेपणा पुसला जात होता त्याच वर्षांत देशाच्या पातळीवरचा परकेपणा तयार होत होता.

उपनगरी काळाचा एक अवशेष अजून जिवंत आहे, तो जिलाँगचा कार्डिनिया पार्क. हे मैदान साधारण १७० मीटर लांब आणि ११५ मीटर रुंद, म्हणजे नियमाच्या किमान रुंदीपेक्षा जेमतेम पाच मीटर जास्त. एमसीजी त्याच्यापेक्षा थोडे आखूड पण सुमारे पंचवीस मीटरने जास्त रुंद. फुटीत हा फरक साधा नाही. रुंद मैदानावर बचाव फोडायचा तर चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवतात आणि मोकळी जागा शोधतात. अरुंद मैदानावर तेवढी जागाच नसते, बचावाची साखळी कडेपासून कडेपर्यंत पोहोचते, आणि सीमारेषेला लागून चेंडू पुढे ढकलण्याचे कसब कामी येते. जिलाँगचे खेळाडू हे कसब रोज गिरवतात. २००७ ते २०११ या काळात जिलाँगने या मैदानावर सलग २९ सामने जिंकले. ती साखळी ऑगस्ट २०११ मध्ये सिडनीने तोडली. अर्थात तो जिलाँगचा सुवर्णकाळ होता, २००७, २००९ आणि २०११ अशी तीन विजेतेपदे त्याने मिळवली, तेव्हा २९ पैकी किती विजय मैदानाचे आणि किती संघाचे हे वेगळे काढणे अवघड. उलट उदाहरणही हातात आहे. २०१३ मध्ये बाद फेरीचा एक सामना कार्डिनिया पार्कवर झाला, तेव्हा पार पर्थहून आलेल्या फ्रिमँटलने जिलाँगला तिथेच हरवले. आणि २०१७ मध्ये तर गंमतच झाली. जिलाँग साखळीत दुसरे, रिचमंड तिसरे. म्हणून बाद फेरीत यजमानपद जिलाँगचे. पण कार्डिनिया पार्कची आसने थोडी, म्हणून सामना ठेवला एमसीजीवर, म्हणजे रिचमंडच्या अंगणात. ९५,००० च्या वर प्रेक्षक आले, त्यांत बहुसंख्य रिचमंडच्या पिवळ्या-काळ्या रंगातले, आणि कागदोपत्री पाहुणे असलेले रिचमंड ५१ गुणांनी जिंकले. यजमानपदाची नोंद आणि मैदानाशी असलेले नाते यांची फारकत इतकी उघडपणे क्वचित दिसते.

प्रवासाचे गणित पर्थच्या क्लबांसाठी सर्वांत कडक आहे. पर्थ ते मेलबर्न अंतर सुमारे २,७०० किलोमीटर, मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या दुपटीहून जास्त. विमानात साडेतीन-चार तास आणि वर घड्याळात दोन तासांचा फरक. वेस्ट कोस्ट आणि फ्रिमँटल हे साधारण एक आठवडा आड करतात, तर मेलबर्नच्या क्लबाला मोसमात पाच-सहा वेळाच राज्याबाहेर जावे लागते. एका सामन्यात खेळाडू बारा-तेरा किलोमीटर धावतो, त्यात सतत धडका. पुढचा सामना कधी कधी सहा दिवसांवर असतो, आणि त्या सहांतला एक विमानात आखडून बसण्यात जातो. पण प्रवासालाच सगळे श्रेय देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पर्थला जाणारा मेलबर्नचा संघ नुसता थकलेला नसतो. तो वेगळ्या मापाच्या मैदानावर उतरतो आणि साठ हजारांच्या स्टेडियममध्ये त्याच्या बाजूने ओरडणारे मूठभर असतात. अंतर, मैदान आणि गर्दी हे तिन्ही घटक एकाच विमानातून येतात, म्हणून त्यांना सुटे करून मोजणे जवळजवळ अशक्य होते. त्यातल्या त्यात उपयोगी पडतात एकाच शहरातल्या दोन क्लबांचे सामने. वेस्ट कोस्ट विरुद्ध फ्रिमँटल, किंवा ॲडलेड विरुद्ध पोर्ट ॲडलेड: दोघांचे शहर एक, मैदान एक, प्रवास शून्य. बदलते ती फक्त आसनांची वाटणी, कारण यजमान क्लबाच्या सभासदांना पहिला हक्क असतो. या सामन्यांत यजमानपद कोणाकडे आहे यावर तिथले जाणकार फारसे बोलत नाहीत. ते बोलतात ते दोन्ही संघांच्या फॉर्मवर.

मग गर्दीचे काम काय? लोकांना वाटते की पाठीराख्यांच्या आरोळ्यांनी खेळाडूंच्या अंगात बळ संचारते. संचारतही असेल. पण जास्त पटणारे स्पष्टीकरण असे की गर्दी खेळाडूंपेक्षा पंचांवर काम करते. फुटीचे नियम पंचाच्या अंदाजावर फार अवलंबून आहेत. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला पकडले, तर त्याला आधी चेंडू सोडायची पुरेशी संधी मिळाली होती का, हे पंचाने क्षणात ठरवायचे, त्या क्षणी हजारो गळ्यांतून एकच लांबलचक "बॉऽऽल!" उठते. चेंडू सीमेबाहेर मुद्दाम घालवला की चुकून गेला, धक्का पाठीत बसला की कडेला, झेप खांद्यावर पडली की मानेवर, सगळीकडे तेच. याबाबत एक जुना प्रयोग वारंवार सांगितला जातो, तो इंग्लंडमधल्या फुटबॉलचा आहे. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी चाळीस पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्याची चित्रफीत दाखवली. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. २००२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात पंच पक्षपाती आहेत असा अर्थ कोणी काढू नये. शंका असेल तेव्हा माणूस भोवतालचा आवाज हाही एक पुरावा म्हणून धरतो, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला ते कळत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या सामन्यांतील फ्री किकच्या आकड्यांवरून दर काही वर्षांनी हीच तक्रार उठते. मात्र हेही पाहा: गर्दीचा हा परिणाम व्हायला ती एकतर्फी असावी लागते. एमसीजीवर कॉलिंगवूड-रिचमंड सामन्यात 'बॉऽऽल'ची आरोळी दोन्ही बाजूंनी तितक्याच जोराने येते, आणि एकमेकींना खाऊन टाकते.

२०२० साली महामारीने जणू सगळ्यांसाठी एक प्रयोगच मांडला, पण तो जरा विस्कळीत निघाला. १९ मार्चला रिचमंड-कार्लटन हा मोसमाचा पहिला सामना एमसीजीच्या रिकाम्या स्टँडसमोर झाला, तीन दिवसांनी मोसम थांबला, आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. त्या मोसमात प्रत्येक भागही सोळा मिनिटांचाच ठेवला होता. पुढे व्हिक्टोरियातले क्लब आपले राज्य सोडून मुख्यतः ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट ज्यात आहेत त्या क्वीन्सलँडमध्ये महिनोन्महिने हॉटेलांत राहिले. पर्थची सीमा बंद असल्यामुळे वेस्ट कोस्टलाही सुरुवातीला गोल्ड कोस्टला तळ ठोकावा लागला. तिथे त्याने पहिले तिन्ही सामने मोठ्या फरकाने गमावले, आणि दोनच वर्षांपूर्वीचा हा विजेता संघ ओळखू येईना. ऑक्टोबरमध्ये बाद फेरीत मात्र वेस्ट कोस्ट आपल्या घरी, पर्थला खेळला, प्रेक्षकही होते, तरी कॉलिंगवूडने त्याला एका गुणाने घरी बसवले. विलगीकरणाच्या नियमांमुळे कॉलिंगवूडचा संघ आधीच पर्थमध्ये येऊन राहिला होता. त्याच महिन्यात ब्रिस्बेनने गाबावर जिलाँगविरुद्धचा उपांत्य सामना ४० गुणांनी गमावला, आणि जिलाँग तोवर क्वीन्सलँडला चांगलेच सरावले होते. एकेका सामन्यावरून सिद्धांत उभारू नये हे खरे. आणि त्या वर्षी गर्दी, प्रवास, वेळ, सगळे एकाच वेळी बदलले, त्यामुळे कोणत्या घटकाने काय केले हे सांगता येत नाही. पण पाहुणा मुक्कामाला आला की तो पाहुणा राहत नाही, या दिशेने हे प्रसंग नक्की बोट दाखवतात.

दुसरा, जास्त नेटका पुरावा विकलेल्या घरच्या सामन्यांतून मिळतो. लहान क्लब पैशांसाठी आपले काही घरचे सामने दुसऱ्या गावाला देतात. सेंट किल्डाने २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे एक-एक सामना न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला नेला, आणि तिन्ही वेळा 'यजमान' सेंट किल्डा हरले. चीनमधल्या शांघायला २०१७ ते २०१९ मध्ये तीन सामने झाले. पहिल्या दोन वर्षी यजमान गोल्ड कोस्ट, तिसऱ्या वर्षी पुन्हा सेंट किल्डा, आणि तिन्ही वेळा पाहुणा पोर्ट ॲडलेड जिंकला. हे दोन्ही क्लब त्या काळात मुळातच दुबळे होते, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून या सहा पराभवांना फार वजन देऊ नये. पण त्यांच्या शेजारी हॉथॉर्नचे उदाहरण ठेवा. हा मेलबर्नचा क्लब २००१ पासून टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला नियमाने जातो, अलीकडे वर्षाला चार सामने. तिथे जायला त्यालाही समुद्र ओलांडावा लागतो, तरी तिथली त्याची कामगिरी कित्येक वर्षे उत्तम राहिली आहे. खेळाडूंना मैदान पाठ झाले, गावाने क्लबाला आपले मानले. घर पुनरावृत्तीने तयार होते. एका दिवसाच्या कराराने होत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळे खरे असले तरी त्याने बिघडते काय? पर्थच्या क्लबाला बाहेर जाताना त्रास होतो, पण बाहेरच्यालाही पर्थला येताना तितकाच होतो, देणे-घेणे फिटते. साखळी सामन्यांपुरता हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. मेलबर्नच्या क्लबाला शेजाऱ्याविरुद्ध घरचा फायदा मिळत नाही, पण शेजाऱ्याकडे जाताना तोटाही होत नाही. पर्थच्या क्लबाला घरी जास्त मिळते आणि बाहेर जास्त गमवावे लागते. मोसमाअखेर दोन्ही हिशेब जवळ येतात. प्रवासाचा साचत जाणारा शीण या हिशेबात बसत नाही, आणि अठरा संघ व तेवीस सामने असल्यामुळे प्रत्येक जोडी एकमेकांच्या घरी जातेच असेही नाही. तरी ढोबळ न्याय होतो असे म्हणता येईल. पण ज्या सामन्याचा परतीचा सामना नसतो तिथे हा न्याय लंगडा पडतो, आणि असा सामना वर्षातून एकदा होतो: सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारच्या सुमारास, एमसीजीवर, सुमारे एक लाख लोकांसमोर. बाद फेरीतले इतर सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या राज्यात होतात. अंतिम सामना मात्र कोणीही खेळो, मेलबर्नलाच. १९९१ मध्ये एमसीजीवर स्टँडचे बांधकाम चालू होते म्हणून तो मेलबर्नच्याच वेव्हर्ली पार्कला गेला, आणि महामारीमुळे २०२० मध्ये गाबाला, २०२१ मध्ये पर्थला. बाकी वर्षानुवर्षे एमसीजी. एके काळी तर करारानुसार उपांत्य सामन्यांपैकी एक तरी तिथे व्हावाच लागे. २००४ मध्ये पोर्ट ॲडलेड आणि ब्रिस्बेन या दोघांनी घरचा उपांत्य सामना कमावला होता. ब्रिस्बेनला आपला 'घरचा' सामना मेलबर्नला जाऊन जिलाँगविरुद्ध खेळावा लागला. ब्रिस्बेन नऊ गुणांनी जिंकले, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वाटेने येऊन अंतिम सामना घरी खेळून आलेल्या पोर्टकडून हरले. त्यानंतर ती अट सैल झाली.

आणि इथे आकडे माझ्या युक्तिवादाला सरळ मदत करत नाहीत, हे सांगायलाच हवे. १९९२ ते २०२५ या काळात एमसीजीवर व्हिक्टोरियाचा एक आणि बाहेरचा एक असा अंतिम सामना वीस वेळा झाला. त्यांत व्हिक्टोरियाचे संघ जिंकले दहा वेळा आणि बाहेरचेही दहा वेळा. ब्रिस्बेनने २००१ पासून सलग तीन विजेतेपदे इथेच मिळवली. २०१८ मध्ये वेस्ट कोस्टने २९ गुणांची पिछाडी भरून काढत कॉलिंगवूडला त्याच्या अंगणात पाच गुणांनी हरवले. २०२५ मध्ये ब्रिस्बेनने जिलाँगला ४७ गुणांनी. एमसीजीच्या बाजूने बोलणारे हा दहा-दहाचा हिशेब पुढे करतात तेव्हा त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. उलट बाजूने २०१४ ते २०१७ ही चार वर्षे दाखवली जातात: सिडनी, वेस्ट कोस्ट, पुन्हा सिडनी आणि ॲडलेड हे साखळीत प्रतिस्पर्ध्याच्या वर असूनही एमसीजीवर हरले. पण १९९७ आणि १९९८ मध्ये ॲडलेडने साखळीत अव्वल आलेल्या सेंट किल्डा आणि नॉर्थ मेलबर्नला तिथेच हरवले होते, हेही तितकेच खरे. वीस सामन्यांत दीड गोलाचा परिणाम स्पष्ट दिसावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. एवढ्या लहान नमुन्यात तो योगायोगाच्या गर्दीत हरवतो. शिवाय त्या वीसपैकी पाच सामन्यांत व्हिक्टोरियाचा संघ होता जिलाँग, ज्याचे घर एमसीजी नाहीच. माझ्या सूत्राप्रमाणे तिथे फायदा लहानच असायला हवा. तेव्हा दहा-दहा या आकड्यावरून फायदा आहे असेही सिद्ध होत नाही आणि नाही असेही नाही. हजारो साखळी सामन्यांतून जे दिसते ते अंतिम सामन्याच्या दिवशीच लुप्त होते, असे मानायला मात्र काही आधार नाही.

एमसीजीच्या बाजूने आणखी दोन मुद्दे मांडले जातात, आणि दोन्ही वजनदार आहेत. एक, एक लाख माणसे बसतील असे दुसरे स्टेडियम देशात नाही. पर्थचे साठ हजारांचे, ॲडलेडचे पन्नास हजारांच्या घरातले. दोन, तारीख आणि जागा आधी माहीत असल्यावर तिकिटे, हॉटेले, मिरवणूक, सगळ्याची नीट आखणी होते; आठवडाभर आधी शहर ठरले तर गोंधळ. हे सोयीचे मुद्दे आहेत, न्यायाचे नव्हेत, आणि सोयीसाठी न्यायाला थोडी मुरड घालणे हे क्रीडासंघटनाच काय, सगळेच करतात. पण मग ती मुरड मान्य करून भरपाई द्यावी. पर्थ, ॲडलेड, सिडनी, ब्रिस्बेन इथल्या क्लबांना मोसमात एमसीजीवर ठरावीक संख्येने सामने मिळावेत, म्हणजे ज्या मैदानावर विजेतेपद ठरते ते त्यांना परके राहणार नाही. आज हे वेळापत्रकाच्या मर्जीवर आहे. एखादा क्लब वर्षात एक-दोनदाच तिथे उतरतो आणि रिचमंड किंवा कॉलिंगवूड डझनभर वेळा. पर्थचे जुने सुबियाको मैदान १७५ मीटर लांब आणि १२२ रुंद होते. २०१८ मध्ये उघडलेले नवे स्टेडियम १६५ बाय १३०, म्हणजे मापाने एमसीजीच्या बरेच जवळ. त्याच वर्षी वेस्ट कोस्ट विजेता ठरला. एका वर्षावरून कार्यकारण सांगता येत नाही, पण परकेपणा कमी करणे शक्य असते एवढे त्यातून नक्की दिसते. मेलबर्नला अंतिम सामना आणि बाहेरच्यांना एमसीजीचा पुरेसा सराव, हा सौदा मला रास्त वाटतो. लीगने तो लवकर करावा, कारण वाट पाहून जागा बदलण्यातली नाही: अंतिम सामना एमसीजीवरच खेळवण्याचा करार २०५९ पर्यंत आहे.